युनिटमागे एक पैसा : सौर-पवन प्रकल्प ज्या गावात उभा राहतो, त्या गावाचा हिशेब

इंदूरमध्ये पलासिया किंवा विजयनगरला एखाद्या सौर-पवन कंपनीच्या ऑफिसात 'लँड' नाहीतर 'कम्युनिटी' खात्यात नव्याने रुजू झालात, की पहिल्याच महिन्यात गाडी आगर, शाजापूर, नीमच, रतलाम, देवास किंवा खरगोणच्या रस्त्याला लागते. घरी मराठी, मीटिंगमध्ये इंग्रजी आणि गावात माळवी, अशी तीन भाषांची कसरत सुरू होते. हातात एक फाइल दिलेली असते. शाळेला बाक, आरोग्य शिबिर, वृक्षारोपण, पंधरा सौर पथदिवे. या यादीत वावगं काही नाही. फक्त बाक तीन वर्षांत मोडतात आणि प्रकल्प पंचवीस वर्षं उभा असतो. तुमची बदली झाली, सरपंच बदलला, कंपनीच दुसऱ्याला विकली गेली, तरी जे गावाला मिळत राहील ते कसं बसवायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच माहीत हवी. कोळशाच्या किंवा खाणीच्या मोठ्या प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली मंजुरी लागते आणि जनसुनवाई घ्यावी लागते. सौर फोटोव्होल्टाइक आणि पवन प्रकल्प त्या यादीत नाहीत. त्यामुळे गावासमोर उभं राहून उत्तरं देण्याची सक्ती तुमच्यावर सहसा येत नाही, आणि गावाला प्रकल्पाची पहिली बातमी पुष्कळदा जेसीबीच्या आवाजानेच कळते. पुढचे बरेच तंटे इथून सुरू होतात. कायद्याने सांगितलेलं नाही ते स्वतःहून करावं लागणार, हे धरूनच कामाला लागा.

आधी पैशाचा हिशेब, नंतर गावाची फेरी

१०० मेगावॉटचा सौर प्रकल्प घ्या. क्षमता-वापर (वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असता तर झाली असती त्या विजेपैकी प्रत्यक्षात होणारी वीज) २५ टक्के धरला, तर वर्षाला २१ कोटी ९० लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे एक पैसा गावासाठी बाजूला काढला, तर वर्षाला २१ लाख ९० हजार रुपये होतात. पंचवीस वर्षांचे सुमारे साडेपाच कोटी. पॅनेल जुने होतात तसं उत्पादन थोडं थोडं घटतं, म्हणून पाच कोटींच्या आसपास धरा. चार-पाच गावांना इतकी रक्कम दरवर्षी, ठरलेल्या दिवशी मिळणं आणि पहिल्या वर्षी वाजतगाजत पन्नास लाखांचं सभागृह बांधून मोकळं होणं, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सभागृहाला चुना कोण लावणार, हा प्रश्न दुसऱ्याच पावसाळ्यात पडतो.

हा एक पैसा निविदा भरण्यापूर्वीच दरात धरलेला असावा लागतो. नीमचच्या लिलावात २०२१ मध्ये दर युनिटला २ रुपये १४ पैशांपर्यंत खाली गेला होता. असा दर एकदा ठरला की वित्त खातं नंतर एका पैशालाही हात लावू देत नाही, आणि त्यात त्यांचंही चूक नाही, कारण बँकेला दाखवलेल्या पत्रकात ती ओळच नसते. तेव्हा तुम्हाला निविदेच्या आधी बोलावलं जात नसेल, तर स्वतःहून जाऊन बसा. 'स्थानिक निधी, युनिटमागे एक पैसा' एवढी एक ओळ खर्चाच्या तक्त्यात घालून घेणं हे तुमच्या वर्षभराच्या कामातलं सगळ्यांत मोलाचं काम ठरू शकतं.

'सीएसआर (कंपन्यांनी समाजासाठी करायचा कायदेशीर खर्च) आहे की,' असं उत्तर मिळेल. ते नीट समजून घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका मर्यादेच्या वर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची असते. पण तुमचा प्रकल्प मूळ कंपनीच्या नावावर नसतो. त्यासाठी वेगळी एसपीव्ही, म्हणजे त्या एका प्रकल्पापुरती स्वतंत्र कंपनी, काढलेली असते. सुरुवातीची काही वर्षं कर्जाचं व्याज आणि घसारा वजा जाता तिच्या हाती नफा फारसा उरतच नाही, आणि शून्याचे दोन टक्के शून्यच. म्हणजे गावाला त्रास सगळ्यांत जास्त होतो, धूळ, ट्रक, तुटलेले रस्ते, नेमक्या त्याच वर्षांत सीएसआरचा डबा रिकामा. मूळ कंपनीचा सीएसआर मिळाला तर आनंद आहे, पण तो कुठे जाईल हे मुंबई-दिल्लीत ठरतं. लीजमध्ये (जमिनीच्या भाडेपट्ट्यात) लिहून दिलेलं देणं तर सीएसआरमध्ये दाखवूच नका. तो धंद्याचा खर्च आहे आणि तसाच लिहिला पाहिजे.

जलविद्युतवाल्यांकडे याचा जुना नमुना आहे. २००८ च्या केंद्रीय जलविद्युत धोरणात स्थानिक विकासासाठी १ टक्का जादा मोफत वीज, आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षं दरमहा १०० युनिट अशी तरतूद आहे. सूर्य-वाऱ्याच्या बाबतीत असं देशभराचं बंधन नाही. वरिष्ठांना पटवताना हा दाखला उपयोगी पडतो.

जमिनीचे कागद : ज्याचं नाव नाही त्याला शोधा

सौर प्रकल्पाला मेगावॉटमागे चार ते पाच एकर जागा लागते. म्हणजे १०० मेगावॉटला साडेचारशे एकरांच्या घरात. खसरा (जमिनीच्या तुकड्याची नोंद), नकाशा, बी-१ (खातेदाराचा उतारा) हे सगळे काढतात. तुम्ही त्याबरोबर दोन कागद आणखी मागा : निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ ची अनुक्रमे कलमं २३४ आणि २४२. गुरं कुठून जातात, सरपण कुठून आणतात, स्मशानाची वाट कोणती, पाणवठा कोणाचा, हे हक्क या कागदांत लिहिलेले असतात. पटवाऱ्याला बरोबर घेऊन, नकाशा हातात धरून, कुंपणाची आखणी पायी चाला. गाडीतून बैलगाडीची वाट दिसत नाही. कुंपण घातल्यावर तीच वाट अडीच किलोमीटरच्या वळशाची होते आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत रोज तुमच्या नावाने बोटं मोडली जातात. आखणीतच सहा मीटरची पट्टी सोडली तर जागा नगण्य जाते. कुंपण झाल्यावर तीच पट्टी सोडायची म्हणजे केबलचे खंदक, खांब, सगळं पुन्हा.

सरकारी जमिनीवरचा प्रकल्प कागदावर सगळ्यांत सोपा आणि गावात सगळ्यांत अवघड. चरनोईची (गुरं चारायची) किंवा पडीक जमीन शासनाकडून मिळाली, तर गावात भाडं कोणालाच द्यावं लागत नाही, म्हणून कागदावर कोणाचंच नुकसान नाही. प्रत्यक्षात त्या माळावर ज्याची पाच शेरडं चरत होती, तो बुडतो. त्याचं नाव खसऱ्यात नसतं. खासगी जमिनीतही तसंच. भाडं खातेदाराला मिळतं, पण वर्षानुवर्षं बटाईने (पिकाच्या वाट्यावर) कसणारा आणि मजुरीला येणारा दोघेही हात हलवत परततात. म्हणून पहिल्या फेरीत दोन याद्या करा. एक खातेदारांची. दुसरी गुराख्यांची, बटाईदारांची, शेतमजूर बायांची. निधीचा ठरावीक वाटा या दुसऱ्या यादीसाठी राखून ठेवला नाही, तर सगळा पैसा ज्यांच्याकडे आधीच जमीन आहे त्यांच्याच दारात जातो.

आदिवासी जमिनीबाबत त्याच संहितेचं, अशी जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर बंधन घालणारं, कलम १६५(६) आधी वाचा. झाबुआ, अलीराजपूर, बडवाणी, धार-खरगोणचा काही भाग, रतलाममधलं सैलाना-बाजना हा अनुसूचित पट्टा आहे. इथे १५ नोव्हेंबर २०२२ पासून राज्याचे पेसा (अनुसूचित भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नियम लागू आहेत आणि ग्रामसभा म्हणजे पंचायतीची बैठक नव्हे. प्रत्येक वस्तीची स्वतःची ग्रामसभा असू शकते. दलालामार्फत 'सगळं मॅनेज होतं' असं कोणी सांगितलं, तर तिथेच थांबा.

लीजमधली भाववाढीची ओळ शेतकऱ्याच्या मुलाला समोर बसवून, गणित करून दाखवा. समजा भाडं एकरी ३०,००० रुपये आहे. 'दर वर्षी ५ टक्के वाढ' लिहिलं, तर पंचविसाव्या वर्षी ते ९६,७०० च्या पुढे जातं. 'दर तीन वर्षांनी ५ टक्के' लिहिलं, तर त्याच वर्षी जेमतेम ४४,३०० भरतं. फरक दोन शब्दांचा. आज सही करणाऱ्याला तो कळत नाही, दहा वर्षांनी शेजारच्या गावाचं भाडं ऐकून कळतो, आणि मग गेटला कुलूप लागतं. खात्यात नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव घालायला सुचवा. सगळे ऐकणार नाहीत, काही ऐकतात.

गावाशी बोलणं

सोयाबीनची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि गव्हाची मार्च-एप्रिलमध्ये. त्या दिवसांत बैठक ठेवलीत तर रिकामटेकडे चार लोक येतात आणि तेच गाव म्हणून सही करतात. बायकांची बैठक वेगळी आणि त्यांच्या सवडीच्या वेळी घ्या. पाणी, सरपण आणि वाट यांची खरी माहिती तिथेच मिळते. स्लाइड दाखवू नका. कापडावर गावाचा मोठा नकाशा छापून जमिनीवर अंथरा आणि लोकांना बोट ठेवू द्या.

काय सांगायचं यापेक्षा काय सांगायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. 'गावाला फुकट वीज मिळेल' आणि 'घरटी एक नोकरी' ही दोन वाक्यं तोंडातून गेली की परत घेता येत नाहीत.

विजेचं कारण सांगून टाका. प्रकल्पाची वीज ३३ किंवा १३२, २२० किलोव्होल्टच्या लाइनने थेट ग्रिडमध्ये जाते. गावाला येते ती वेगळ्या उपकेंद्रातून निघालेल्या ११ किलोव्होल्टच्या फीडरवरून. पॅनेल दारात असले तरी त्यांची तार तुमच्या घराच्या तारेला जोडलेली नाही. हे चटकन पटतं, पण आधी सांगितलं तरच. नंतर सांगितलं तर सबब वाटते.

नोकरीचेही खरे आकडे द्या. उभारणीच्या ऐन भरात १०० मेगावॉटच्या साइटवर पाच-सातशे माणसं दिसतात, पण आठ-दहा महिने. नंतर चालवायला लागतात साधारण तीस ते चाळीस, त्यांत निम्मे पहारेकरी. म्हणून उभारणी सुरू होण्याच्या निदान वर्षभर आधी गावातली दहावी-बारावी झालेली मुलं-मुली हेरून आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला घातली पाहिजेत, कारण तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि उभारणीचा काळ धरून प्रकल्प सुरू होईतो तो पुरा होत येतो. उद्घाटनाच्या दिवशी 'स्थानिक पात्र उमेदवार नाहीत' म्हणणारी कंपनी आधीचं ते वर्षभर झोपलेली असते. सूर्यमित्रसारखं छोटं प्रशिक्षण चांगलं, पण त्यावर तंत्रज्ञाच्या हाताखालचा माणूस तयार होतो. स्ट्रिंग इन्व्हर्टरसमोर (पॅनेलची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्रासमोर) एकट्याने उभा राहणारा नव्हे.

आणि एक दुखणं जे कुठल्याच अहवालात येत नाही. मुख्य कंत्राटदार काम पोटकंत्राटदाराला देतो, तो आणखी खालच्याला, आणि शेवटच्या माणसाने गावातून ट्रॅक्टर, टँकर, जेसीबी, खोल्या, जेवणाचे डबे उधारीवर घेतलेले असतात. काम संपतं, तो गायब होतो. गावाच्या लेखी बुडवणारी तुमचीच कंपनी. उपाय साधा आहे. कंत्राटातच लिहा की शेवटची १० टक्के रक्कम गावातल्या पुरवठादारांच्या 'बाकी नाही' पावत्या जोडल्याशिवाय सुटणार नाही. उधारीची वही दर महिन्याला पंचायतीच्या कट्ट्यावर उघडून बघा. सगळ्या वृक्षारोपणापेक्षा ही वही जास्त इज्जत राखते.

पाणी

इथे जरा थांबू, कारण माळव्यात भांडण बहुतेक वेळा पाण्यावरूनच पेटतं.

१०० मेगावॉटच्या प्रकल्पात पॅनेलची जोडलेली क्षमता बहुधा जास्त, समजा १४० मेगावॉट, बसवतात. ५४० वॉटचं एक पॅनेल धरलं तर सुमारे २ लाख ६० हजार पॅनेल झाले. एक पॅनेल धुवायला दोन लिटर पाणी धरा. एका धुलाईला ५ लाख २० हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे शंभरावर टँकर. कोरड्या आठ महिन्यांत महिन्यातून दोनदा धुतलं तर वर्षाला ८३ लाख लिटर. माळव्याच्या खाली बेसाल्टचा खडक आहे. पाणी फक्त त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोअर उसासे टाकायला लागतात. अशा वेळी कुंपणाच्या आत फवारे उडताना दिसले तर बाहेरच्या बाईला काय वाटेल, हे समजायला समाजशास्त्र लागत नाही.

तोडगा कुंपणाच्या आतच आहे. या भागात वर्षाला ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. साडेचारशे एकरांवर एका दिवसात ५० मिलिमीटर पडला, तरी ९ कोटी लिटर पाणी झालं. ४० मीटर लांब, ४० मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि तिरक्या काठांचं एक तळं साधारण ३८ लाख लिटर धरतं. निम्मं पाणी उन्हात आणि झिरपण्यात गेलं असं मानून पाच तळी खोदली की वर्षाची धुलाई निघते आणि बोअरला हात लावावा लागत नाही. वरून एक फायदा. बोअरचं जड पाणी काचेवर पांढरे डाग सोडतं आणि उत्पादन घटवतं, पावसाच्या पाण्याने डाग पडत नाहीत. गाळ बसू द्यायचा आणि गाळणी लावायची, बस्स. देवास जिल्ह्यात, विशेषतः टोंक खुर्दकडे, २००६ पासून शेतकऱ्यांनी 'रेवासागर' नावाने आपल्या शेताचा एक तुकडा देऊन अशी तळी खोदली आहेत. तिथल्या लोकांना एकदा साइटवर बोलवा. आपल्या इंजिनिअरांपेक्षा त्यांना उताराची जाण जास्त असते. पाण्याविना फिरणारे ब्रशवाले रोबोही आता मिळतात. ते आणलेत तर धुलाईची मजुरी जाते, म्हणून कोणाची जाते ते आधी बघा.

वाहून जाणारं पाणी ही दुसरी बाजू, आणि ती नेहमी विसरली जाते. पॅनेलवर पडलेला पाऊस पसरून जमिनीत जात नाही. तो काचेवरून घरंगळत खालच्या कडेला एका रेषेत पडतो. पहिल्याच पावसाळ्यात त्या रेषेखाली काळ्या मातीत बोटभर चर दिसतो, दुसऱ्या वर्षी वीतभर, आणि ओळींच्या शेवटी सगळे चर मिळून ओहोळ तयार होतो. त्याचं तोंड बरोबर शेजारच्याच्या बांधाकडे असतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे चर वाढत जातो, कधी खांबही तिरपा होतो. कडेखालच्या रेषेत गवत राहू द्या, दर शंभर-दीडशे मीटरवर उताराला आडवे दगडी बांध घाला, आणि शेवटचं पाणी तळ्यात सोडा. शेजाऱ्याच्या शेतात एकदा पाणी शिरून सोयाबीन पिवळं पडलं की मग पंचनामा, तहसील, नुकसानभरपाई. बांधाचा खर्च त्यापुढे किरकोळ.

गवत राहू दिलं की ते कापावं लागतं. तणनाशक मारू नका. बाहेरच्या विहिरीत उतरतं, आणि उघड्या जमिनीची धूळ पुन्हा पॅनेलवर बसते. कापणीचा हक्क दुसऱ्या यादीतल्या कुटुंबांना फुकट द्या. मेंढ्या सोडता येतात, शेळ्या नाही. शेळी पॅनेलवर चढते आणि केबल चघळते. तळ्याच्या खाली दोन एकर संकरित नेपियर लावलं आणि पाणी मिळालं, तर एकरी वर्षाला ४० ते ६० टन हिरवा चारा निघतो, म्हणजे एका एकरात पाच-सहा गाईंची सोय. गेलेल्या चरनोईची ही पुरी भरपाई नव्हे, पण हातात दिसणारी आहे.

धुलाई आणि कापणी गावातल्या बायकांच्या बचत गटाला द्यायची असेल (इकडे त्याला स्व-सहायता समूह म्हणतात), तर आधी सुरक्षेचं शिकवा. पॅनेलच्या ओळींत हजार ते दीड हजार व्होल्टचा डीसी असतो आणि ऊन आहे तोवर तो बंद करता येत नाही. तडा गेलेल्या पॅनेलला ओला हात नाही, उघड्या जोडणीला पाणी नाही. धुवायचं पहाटे किंवा सूर्य मावळताना, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकते.

निधी आणि त्याची पाटी

अहिल्याबाईंनी घाट आणि विहिरी बांधल्या हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या जोडीने देखभालीचीही नेमणूक लावून दिली, हे कमी लोकांच्या लक्षात राहतं. प्रकल्पाच्या निधीत तीच युक्ती वापरायची आहे.

निधी पंचायतीच्या खात्यात टाकू नका. पंचायतीवर राग नाही, पण दर पाच वर्षांनी माणसं बदलतात आणि प्रकल्प चार-पाच पंचायतींत पसरलेला असतो. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली एक समिती नोंदवा. प्रत्येक गावाचे दोन प्रतिनिधी, त्यांपैकी एक बाई, दुसऱ्या यादीतले किमान दोन, कंपनीचा एकच आणि त्याला मत नाही. खात्यावर तीन सह्या. पैसे तिमाहीला येतात, आणि रक्कम ठरते वीज कंपनीबरोबर होणाऱ्या मासिक संयुक्त मीटर नोंदीवरून. अंदाजाने नाही, कोणाच्या कृपेने नाही.

मग पंचायत भवनाबाहेर एक पाटी लावा. काळा पत्रा, पांढरा रंग, चार रकाने : महिना, युनिट, पैसे, कशावर खर्च. ज्या महिन्यात ढग होते त्या महिन्यात आकडा खाली येतो, आणि गावातली माणसं पाटीसमोर उभी राहून 'औंदा बादळं फार' म्हणतात. प्रकल्प आपला वाटायला लागण्याची ही खूण. केबल चोरीला गेली तर पाटीवरचा आकडा आपोआप कमी होतो, हेही कोणाला वेगळं समजावावं लागत नाही.

वाटणीचं सूत्र पहिल्याच ठरावात लिहून टाका. आमचं मत असं : एक तृतीयांश चालू देखभालीला, एक तृतीयांश दुसऱ्या यादीतल्या कुटुंबांच्या रोजगार-शिक्षणाला, एक तृतीयांश मुदत ठेवीत, प्रकल्प संपल्यानंतरच्या वर्षांसाठी. नव्या बांधकामाची ओढ सगळ्यांना असते, कारण त्यावर नावाची कोनशिला बसते. पथदिव्यांचंच बघा. शिसे-आम्लाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत जाते, लिथियम-आयर्न-फॉस्फेटची आठ-दहा वर्षं टिकते, पण महाग असते. बसवणाऱ्याने पहिली घेतलेली असते आणि बदलायचे पैसे कोणीच ठेवलेले नसतात. चौथ्या दिवाळीला सगळे खांब अंधारात. म्हणून कुठलीही वस्तू देताना तिच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च आधी बाजूला ठेवा, उरेल त्यात वस्तू घ्या. दिवे पंधराऐवजी सहा येतील, पण सहाही लागतील.

वीजवाहक लाइनच्या गावांना विसरू नका. प्रकल्प चार-पाच गावांत आणि मनोरे बारा गावांत. ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये ६६ किलोव्होल्ट आणि त्यावरच्या लाइनसाठी मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सुचवली. ही रक्कम एकदाच मिळते. निधीतला छोटा हिस्सा त्या गावांना दिला तर लाइनचं काम अडत नाही.

भागीदारीचा रस्ताही आहे. पीएम-कुसुम या केंद्राच्या शेतकऱ्यांसाठीच्या सौर योजनेच्या 'अ' घटकात शेतकरी, त्यांचे गट किंवा पंचायत उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत, पडीक जमिनीवर ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प टाकून वीज विकू शकतात. तुमच्या कंपनीने अशा गटाला इंजिनिअर, देखभालीचा करार आणि बँकेसमोर बसण्याची हिंमत एवढं दिलं, तरी ते पाच वर्षांच्या शिबिरांपेक्षा मोठं काम. आणि आपल्या इंदूरचं उदाहरण तर समोरच आहे. नर्मदेचं पाणी जलूदहून चढवायला लागणारी वीज भागवण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, ८.२५ टक्के व्याजाने, सामान्य माणसालाही घेता येतील असे, आणि त्यातून खरगोण जिल्ह्यातल्या सामराज आणि आशुखेडीला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प आखला. शहरातला पेन्शनर घरबसल्या व्याज घेऊ शकतो. मग प्रकल्पाशेजारच्या शेतकऱ्यालाही भाड्याच्या रकमेतून असा रोखा घेता यावा, ही मागणी अवाजवी नाही.

पवनचक्की असेल तर

देवासच्या टेकड्यांवर चक्क्या फिरताना पाहिल्या असतील. जागा कमी जाते, त्रास वेगळा होतो. पातं आणायला वळणं रुंद करतात आणि गावाचे पूल-मोऱ्या त्या वजनाने बसतात. म्हणून पहिला ट्रेलर येण्याआधी प्रत्येक मोरीचा तारखेसह फोटो, आणि काम संपल्यावर दुरुस्तीची हमी. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राहत्या घरापासून ५०० मीटर अंतर हवं. शेतातली झोपडी 'घर' नाही असा वाद काढू नका, गहू राखायला रात्री तिथे माणूस झोपतो. सकाळ-संध्याकाळ पात्याची हलती सावली कोणाच्या अंगणात पडते, ते आखणीतच तपासा. जमीन गेलेल्याला भाडं आणि शेजारच्याला फक्त आवाज, अशी वाटणी झाली तर शेजारी गप्प बसत नाही. पाचशे ते हजार मीटरच्या पट्ट्यातल्या घरांना निधीतून वेगळा वाटा द्या.

ओंकारेश्वरच्या जलाशयासारखे तरंगते प्रकल्प असतील तर हेच सगळं मच्छीमारांच्या बाबतीत वाचा. खसऱ्यात पाणी कोणाच्या नावावर नसतं. जाळं कुठे टाकतात, होडी कुठून जाते आणि कोणत्या महिन्यात, हे आधी नकाशावर घ्या.

विक्री आणि शेवट

प्रकल्प विकले जातात. पाच-सात वर्षांत एसपीव्हीचे मालक बदलणं हा या धंद्याचा नेहमीचा भाग आहे. नव्या मालकाला आधीच्या मॅनेजरने कट्ट्यावर बसून दिलेला शब्द माहीत नसतो, आणि माहीत असला तरी बंधनकारक नसतो. म्हणून निधीचं देणं, वाटेची पट्टी, गवताचा हक्क, पाण्याची मर्यादा हे सगळं नोंदणीकृत लीजमध्ये, 'मालकी कोणाकडेही गेली तरी लागू' या वाक्यासह लिहा. बँकेच्या कर्जकरारात निधीला देखभाल खर्चाच्या रांगेत बसवून घ्या. म्हणजे हप्ता फेडायच्या आधी तो जातो. नफ्याच्या रांगेत बसवला तर तो कधीच येणार नाही.

शेवटाची तरतूद सुरुवातीलाच करायची असते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही आले आहेत, म्हणजे तुटलेले पॅनेल कुंपणामागे ढीग करून ठेवणं किंवा भंगारवाल्याला देणं चालत नाही. पण नियम पॅनेलचं बघतो, शेताचं नाही. दीड-दोन मीटर खोल गाडलेले हजारो खांब, काँक्रीट, केबलचे खंदक, दाबून दगड झालेली माती, हे सगळं पंचवीस वर्षांनी काढणार कोण? तोवर एसपीव्हीच्या खात्यात काही उरलेलं नसतं. दहाव्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात जमा करायची आणि तेवढी बँक हमी जमीनमालकांच्या नावे ठेवायची, असं लीजमध्ये घाला. 'जमीन पूर्ववत करून देऊ' एवढंच लिहू नका. किती खोलीपर्यंतचे खांब काढणार, वरची माती किती सेंटीमीटर नांगरून मोकळी करणार, बांध कुठे होता, हे आकड्यांत आणि पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोंसह लिहा. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खसऱ्यातून मातीचे नमुने घेऊन तपासणीचा कागद शेतकऱ्याच्या हातात द्या आणि त्याची एक प्रत लीजला जोडा. तेव्हा शेत नातवाच्या ताब्यात येणार आहे, आणि आजोबांच्या जमिनीत काय पिकत होतं ते त्याला त्या कागदावरूनच कळेल.